४ जीबीच्या मोटो ईमध्ये जागा कशी काढली: प्रकल्प नोंदी

१६ जून २०१८, शनिवार

फोन आत्याचा आहे. मोटो ई, पहिली पिढी, २०१४ सालचा; रॉमच्या (फोनवर बसवायच्या पर्यायी सिस्टिमच्या) जगात याचं नाव ‘कॉन्डॉर’. स्नॅपड्रॅगन २००, १ जीबी रॅम, ४ जीबी स्टोरेज. त्या चारातले वापरायला मिळतात सव्वादोनच्या आसपास, बाकी सिस्टिम, कॅश, मोडेम वगैरे पार्टिशनांत (स्टोरेजचे पाडलेले वेगळे भाग) जातात. कार्ड ३२ जीबीपर्यंत चालतं.

आत्या वडूजला बचत गटाची सचिव आहे. बैठकीचे फोटो, इतिवृत्ताच्या पानांचे फोटो, वरून येणाऱ्या पीडीएफ, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. गेले काही महिने ‘स्टोरेज जागा संपत आहे’ ही सूचना कायम बसलेली. व्हॉट्सअ‍ॅप फोटो उतरवत नाही, प्ले स्टोअर अपडेट घेत नाही, आणि कोणीतरी सुचवलं म्हणून टाकलेली दोन ‘क्लीनर’ अ‍ॅप स्वतःच जागा अडवून बसलेली. नवा फोन घेऊन देतो म्हटलं तर म्हणाली, “अरे, याची बॅटरी अजून दीड दिवस जाते, हाताला सवय झालीय. तेवढी जागा कर बघू.” म्हणून हा फोन पुण्याला घेऊन आलोय. तिचं सिम तोवर साध्या बटणाच्या फोनमध्ये, मायक्रो सिमला अडॅप्टर लावून.

नोंदी ठेवतोय, कारण ४ आणि ८ जीबीचे असे कितीतरी फोन घराघरांत धड अवस्थेत पडून आहेत. त्यांच्यासाठी जो सल्ला मिळतो तो बहुतेक वेळा एकच: सगळं कार्डावर टाका. आधी मोजल्याशिवाय तसं करायचं नाही, असं ठरवलंय.

१७ जून

बूटलोडर (फोन सुरू करणारा आणि दुसरी सिस्टिम बसवू न देणारा कुलूपबंद प्रोग्राम) मी हा फोन नवा असतानाच उघडून ठेवला होता. ज्यांचा उघडलेला नाही त्यांनी लक्षात घ्या: मोटोरोलाच्या संकेतस्थळावरून कोड घेऊन बूटलोडर उघडला की फोनमधलं सगळं पुसलं जातं. आधी फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर बाहेर काढा, मगच त्या वाटेला जा.

आज फास्टबूटमधून (केबलने संगणकावरून फोनला आदेश देण्याची सोय) टीडब्ल्यूआरपी (अँड्रॉइडबाहेर चालणारी बॅकअप-दुरुस्तीची व्यवस्था) फ्लॅश न करता, म्हणजे फोनमध्ये कायमची न बसवता, नुसती तात्पुरती चालू केली. त्यामुळे फोनमध्ये काहीही न बदलता, रूट न करता (सिस्टिमचा पूर्ण ताबा न घेता), डेटा पार्टिशन आतून बघता येतं. डीएफ (एकूण भरलेली जागा सांगतो) आणि डीयू (फोल्डरागणिक जागा सांगतो) चालवून आलेले आकडे, गोळाबेरीज करून:

अ‍ॅपच्या एपीके (म्हणजे मूळ अ‍ॅपच्या) फाइली ६४० एमबी. डाल्विक-कॅश ५८० एमबी. अ‍ॅपचा स्वतःचा डेटा ४३० एमबी. आणि ज्याला सगळे दोष देतात ते फोटो, व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅप मीडिया: ४७० एमबी.

म्हणजे फोटोंचा वाटा पावभागाहून कमी. आत्या दर आठवड्याला बसून फोटो पुसत होती, आणि जागा खात होता अ‍ॅपचा कोड, तोही दोन-दोनदा. फोनवर कंपनीचं अँड्रॉइड लॉलीपॉप ५.१ आहे. लॉलीपॉपमध्ये अ‍ॅप बसवलं की त्याचा सगळा कोड तिथल्या तिथे प्रोसेसरच्या भाषेत भाषांतरित होतो आणि ती भाषांतरित प्रत डाल्विक-कॅशमध्ये पडते. एपीके वेगळी, ही प्रत वेगळी. वर प्ले सर्व्हिसेस, प्ले स्टोअर, यूट्यूब, मॅप्स हे सगळे मूळचे सिस्टिम पार्टिशनमध्ये आहेतच. अपडेट झाले की नवी एपीके डेटा पार्टिशनमध्ये येते, जुनी सिस्टिममध्ये तशीच राहते, आणि नवीचं भाषांतर पुन्हा डेटामध्येच. एका अ‍ॅपच्या तीन प्रती, त्यातल्या दोन आपल्या सव्वादोन जीबीतून.

या मोजणीला अर्धा तास लागला. पुढचा सगळा क्रम त्यावरून ठरला: आधी दुहेरी-तिहेरी प्रती कमी करायच्या, कार्डाचा विचार नंतर.

मीडियाच्या ४७० एमबीत एक फाइल एकटीच १९० एमबीची निघाली. डीसीआयएम फोल्डरात थंबनेल्स नावाचं लपलेलं फोल्डर असतं, त्यात ‘थंबडेटा३’ने सुरू होणारी आणि पुढे मोठा आकडा असलेली फाइल. गॅलरीची छोटी चित्रं त्यात साठतात. मूळ फोटो पुसले तरी ती आकसत नाही. ज्यांना रूट वगैरे काही करायचं नाही त्यांनी निदान ही फाइल शोधून उडवावी. फोटोंना काही होत नाही, गॅलरी पहिल्यांदा जरा सावकाश उघडते एवढंच.

१८ जून

कामाला हात घालण्यापूर्वी बॅकअप. टीडब्ल्यूआरपीमधून सिस्टिम, डेटा, बूट. आणि डीडी या कॉपी करण्याच्या आदेशाने मोडेमएसटी१, मोडेमएसटी२ ही दोन छोटी पार्टिशनं वेगळी कॉपी करून लॅपटॉपवर. आयएमईआय (फोनचा ओळख-क्रमांक) आणि नेटवर्कची माहिती त्यांत असते. ती गेली तर फोनला रेंज येत नाही, आणि दुसऱ्या फोनची कॉपी इथे चालत नाही. हे दोन मिनिटांचं काम आहे, कुणीही टाळू नये.

व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर पूर्ण, त्यातल्या डेटाबेसेससकट, लॅपटॉपवर घेतलं. गप्पांचा रोजचा बॅकअप रात्री दोनला होतो आणि मागच्या सात दिवसांच्या प्रती राहतात. आत्याच्या एका प्रतीचा आकार २२ एमबी, म्हणजे फक्त या प्रतींचेच दीडशे एमबी.

२३ जून, शनिवार

नवं कार्ड आणलं. तिच्याकडचं जुनं ४ जीबीचं होतं. ओळखीच्या भागातल्या एका दुकानात ३२ जीबीचं कार्ड ३५० रुपयांना मिळालं, पाकीट व्यवस्थित, छपाई नीट. फोनमध्ये टाकलं, २९ जीबी मोकळी दाखवली. पण कार्ड आधी एफ३ने तपासायचं हा माझा नेम आहे. एफ३ हे लिनक्सवरचं साधं साधन: कार्ड भरेपर्यंत एकेक जीबीच्या फाइली लिहितं, मग परत वाचून जुळवून बघतं. विंडोजवर हेच काम एच२टेस्टडब्ल्यू करतं.

लिहून झालं, वाचताना आठव्या फाइलपासून पुढे सगळं चुकीचं. कार्ड खरं ८ जीबीचंही नाही, आतला कंट्रोलर ३२चा आकडा सांगतो. अशा कार्डावर पहिले सात जीबी नीट जातात, म्हणून महिना-दोन महिने काही कळत नाही. मग नवे फोटो जुन्यांवर बसायला लागतात आणि ‘फोटो उघडत नाही’ म्हणून लोक फोनला दोष देतात. दुकानदाराने बदलून दिलं नाही. साडेतीनशे गेले आणि शनिवारची दुपार गेली.

रविवारी दुसरीकडून, बिलासकट, क्लास १०चं ३२ जीबी कार्ड घेतलं, ८२० रुपये. एफ३ला लिहायला-वाचायला मिळून दीड तास लागला, एकही चूक नाही.

३० जून

लिनिएजओएस १४.१ ही पर्यायी रॉम बसवली, म्हणजे अँड्रॉइड नूगट ७.१. रॉम बदलण्याचं कारण दिसणं-बिसणं नाही. नूगटमध्ये भाषांतराची पद्धत बदलली: अ‍ॅप बसवताना सगळा कोड भाषांतरित करत नाहीत. अ‍ॅप वापरात आलं की त्यातला वारंवार लागणारा भाग ओळखून, फोन चार्जिंगला निवांत असताना तेवढाच करतात. जागेच्या दृष्टीने लॉलीपॉप आणि नूगट यांत हा सगळ्यात मोठा फरक आहे. डाल्विक-कॅशच्या आधीच्या ५८० एमबींपैकी बराचसा भार याच बदलाने उतरणार होता.

गूगलची अ‍ॅप ओपन जीअ‍ॅप्स या तयार पॅकेजमधून, एआरएम (प्रोसेसरचा प्रकार), ७.१, ‘पिको’ प्रकार. पिको म्हणजे प्ले स्टोअर, प्ले सर्व्हिसेस आणि अत्यावश्यक एवढंच. नॅनो, मायक्रो या पुढच्या पायऱ्यांत जे येतं त्यातलं आत्याला काहीही लागत नाही. क्रोम घेतला नाही. लिनिएजबरोबर येणारा जेली ब्राउझर फोनमध्ये आधीच असलेल्या वेबव्ह्यूवरच (वेबपानं दाखवणारा भाग) चालतो, त्यामुळे त्याचा आकार नगण्य.

रूटसाठी मॅजिस्क. पहिल्यांदा चालू व्हायला फोनने वेळ घेतला, मग सुरळीत. रात्री प्ले स्टोअरने मागून प्ले सर्व्हिसेस अपडेट करून घेतली. सगळं शांत झाल्यावर मोकळी जागा १.३ जीबी. व्हॉट्सअ‍ॅप अजून नाही.

१ जुलै

सिस्टिम पार्टिशनमधली नको असलेली अ‍ॅप काढून जागा होते, असं खूप जण सांगतात. स्वच्छ लिहून ठेवतो: सिस्टिम पार्टिशन वेगळं, डेटा पार्टिशन वेगळं. सिस्टिममधून ५० एमबीचं अ‍ॅप उडवलं तर सिस्टिममध्ये ५० एमबी मोकळे होतात, आणि ते आपल्याला थेट वापरता येत नाहीत. डेटामध्ये परत मिळतं ते त्या अ‍ॅपचं अपडेट, त्याचं भाषांतर आणि त्याचा साठवलेला डेटा, तेवढंच. पण सिस्टिममधली ती मोकळी जागा वापरायची एक चांगली युक्ती आहे, ती पुढे १४ जुलैला.

लॉग, टूमस्टोन, एएनआर, ड्रॉपबॉक्स ही सिस्टिमच्या बिघाड-नोंदींची फोल्डरं पाहिली. मिळून १० एमबीसुद्धा नाही. यांच्यामागे वेळ घालवू नका.

७ जुलै

अ‍ॅडॉप्टेबल स्टोरेज करून पाहिलं, म्हणजे कार्डालाच अंतर्गत स्टोरेज बनवणं. मार्शमॅलोपासून अँड्रॉइडमध्येच ही सोय आहे आणि बहुतेक लेख इथेच थांबतात. कार्ड फॉरमॅट करताना फोन त्याचा वेग मोजतो; आमच्या कार्डाला ‘हे कार्ड धीमं आहे’ असा शेरा मिळाला. तरी पुढे गेलो. डेटा कार्डावर गेला, मोकळी जागा एकदम २८ जीबी दिसायला लागली.

वापरून बघितलं. हलवलेलं अ‍ॅप उघडायला आधीच्या दुप्पट-तिप्पट वेळ. गॅलरी वर-खाली सरकवताना फोन मध्येच थबकतो. कारण स्पष्ट आहे: अ‍ॅडॉप्ट केलेलं कार्ड नेहमी एनक्रिप्टेड (किल्लीशिवाय वाचता न येणारं) असतं आणि स्नॅपड्रॅगन २००मधल्या कॉर्टेक्स-ए७ गाभ्यांत एनक्रिप्शनसाठी वेगळी यंत्रणा नाही. प्रत्येक फोटो वाचताना ते गणित साध्या प्रोसेसरने करायचं. नव्या, वेगवान फोनवर हे जाणवणार नाही, इथे जाणवतं.

पण वेग हे दुय्यम कारण. संध्याकाळी आत्याला फोन करून विचारलं, कार्ड तू कधी काढतेस का? ती म्हणाली, “काढते की. बैठकीचे फोटो प्रिंट काढायला स्टुडिओत कार्डच देते मी.” तिथेच हा मार्ग बंद झाला. अ‍ॅडॉप्ट केलेलं कार्ड दुसऱ्या कुठल्याही यंत्रात वाचता येत नाही. त्याची किल्ली फोनच्या डेटा पार्टिशनमध्ये, मिस्क/वोल्ड या फोल्डरात असते. फोन फॅक्टरी रिसेट झाला की किल्ली गेली, आणि कार्ड धडधाकट असून आतले फोटो कायमचे गेले. जिच्याकडे गटाची कागदपत्रं आहेत तिच्या फोनवर मी हे कदापि ठेवणार नाही.

एसएम या स्टोरेजच्या आदेशाने ‘मिक्स्ड’ प्रकारही करता येतो: कार्डाचा काही भाग साधा, काही अ‍ॅडॉप्टेड. आदेशातला आकडा साध्या भागाची टक्केवारी असते, १० ते ९० यांच्या दरम्यान. स्टुडिओचा प्रश्न त्याने सुटला असता, वेगाचा आणि किल्लीचा नाही. सोडून दिलं.

८ जुलै

कार्ड पुन्हा साध्या फॅट३२ मांडणीचं, कुठल्याही संगणकात वाचता येणारं. लिंक२एसडी या अ‍ॅपचाही विचार केला होता. त्यात कार्डावर दुसरं प्रायमरी पार्टिशन ईएक्सटी४ (लिनक्सची मांडणी) करायचं, अ‍ॅपच्या फाइली तिथे न्यायच्या आणि मूळ जागी दुवे ठेवायचे. जिंजरब्रेड या जुन्या अँड्रॉइडच्या काळात, १८० एमबीवाल्या फोनांवर, त्याने लोकांचे फोन अक्षरशः वाचवले. पण सुरू होताना दुसरं पार्टिशन माउंट झालं नाही (जोडलं गेलं नाही) तर सगळे दुवे लटकतात आणि अ‍ॅप यादीतून गायब. मी पुण्यात, फोन वडूजला. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपच दिसत नाही असा फोन आला तर करणार काय? शिवाय आता मोजल्यावर दिसतंय की अ‍ॅप हलवायची गरजच नाही. मोठं होत जाणारं एकच फोल्डर आहे: व्हॉट्सअ‍ॅप. तेवढंच कार्डावर न्यायचं, तेही बाइंड माउंटने (ते काय, पुढे सांगतो).

१४ जुलै

आज दोन कामं, दोन्ही प्ले सर्व्हिसेसवर.

पहिलं. ३० जूनला मी म्हटलं तसं प्ले सर्व्हिसेसने स्वतःला अपडेट केलं, म्हणजे नवी प्रत डेटामध्ये आली. ओपन जीअ‍ॅप्स तेव्हा, २०१८ साली, रोज नवं पॅकेज तयार करत असे. आजचं पिको पॅकेज उतरवून टीडब्ल्यूआरपीमधून जुन्यावरच फ्लॅश केलं, काहीही पुसलं नाही. आता सिस्टिममधली प्रत डेटातल्या प्रतीपेक्षा नवी झाली. फोन चालू होताना पॅकेज मॅनेजर हे ताडून बघतो आणि सिस्टिमची प्रत नवी असेल तर डेटातली जुनी काढून टाकतो. प्ले स्टोअर आणि सर्व्हिसेस मिळून ८५ एमबी परत आले. सिस्टिम पार्टिशनमधली मोकळी जागा अशी कारणी लागते. पुढचं अपडेट आलं की प्रत पुन्हा डेटामध्ये येणार हे खरं. तीन-चार महिन्यांनी फोन हातात आला की पुन्हा करायचं.

दुसरं. ज्या अ‍ॅपचा कोड दुसरी अ‍ॅपही वापरतात, त्यांना नूगट पूर्ण भाषांतरित करतो. प्ले सर्व्हिसेस त्यातलीच. बिल्ड.प्रॉप या सिस्टिमच्या सेटिंगच्या फाइलीत पीएम.डेक्सऑप्ट.शेअर्ड-एपीके हा गुण ‘स्पीड’वर असतो, तो ‘इंटरप्रिट-ओन्ली’ (आधी भाषांतर न करणं) केला आणि कंपाइल आदेशाने प्ले सर्व्हिसेसची फाइल नव्याने बनवून घेतली. आधी १३० एमबीच्या घरात होती, आता साठ-सत्तर. किंमत अशी की प्ले स्टोअर उघडायला दोनेक सेकंद जास्त. आत्या प्ले स्टोअर उघडत नाही, म्हणून सौदा मान्य. जो सतत नकाशे-जीपीएस वापरतो त्याने हे करू नये.

१५ जुलै

बाइंड माउंट. कल्पना सोपी: फोल्डर खरं कार्डावर, पण अ‍ॅपला ते अंतर्गत स्टोरेजमधल्या नेहमीच्या पत्त्यावर दिसतं. मॅजिस्कच्या सर्व्हिस.डी फोल्डरात छोटी स्क्रिप्ट ठेवली, ती फोन चालू होताना डेटा/मीडिया/० मधल्या व्हॉट्सअ‍ॅप फोल्डरावर कार्डावरचं फोल्डर चढवते.

टर्मिनलमधून हाताने माउंट करून बघताना ते फक्त टर्मिनललाच दिसतं, बाकी अ‍ॅपना नाही. प्रत्येक अ‍ॅपचं माउंटचं जग वेगळं असतं. एसयू या रूटच्या आदेशाला माउंट-मास्टरचा पर्याय दिला की सगळ्यांना दिसतं. सर्व्हिस.डीमधून चालवलं तर हा प्रश्न येत नाही. आणखी एक: या फोनचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) जुना, इथे अंतर्गत स्टोरेज फ्यूज या पद्धतीवर चालतं. ज्या फोनांत एसडीकार्डएफएस ही दुसरी पद्धत आहे तिथे डेटा/मीडियावर केलेलं माउंट अ‍ॅपना दिसत नाही. एमएनटी/रनटाइमखालच्या पत्त्यांवर करावं लागतं.

व्हॉट्सअ‍ॅपचं जुनं फोल्डर आधी कार्डावर कॉपी केलं, माउंट केलं, मग व्हॉट्सअ‍ॅप बसवलं. नंबर टाकल्यावर ओटीपी वडूजच्या बटणाच्या फोनवर गेला, आत्याने वाचून दाखवला. व्हॉट्सअ‍ॅपला कार्डावरचा बॅकअप आपोआप सापडला आणि सगळ्या गप्पा परत आल्या.

२१ जुलै

आठवडाभर फोन माझ्याकडे चालू ठेवला, आत्याच्या गटाचे संदेश येत राहिले. दोन दोष दिसले.

पहिला: गॅलरीत प्रत्येक फोटो दोनदा. बरोबरच आहे, तोच फोटो एकदा कार्डाच्या पत्त्यावर सापडतो, एकदा अंतर्गत पत्त्यावर. व्हॉट्सअ‍ॅप फोल्डरात नोमीडिया फाइल (गॅलरीला ‘इथे बघू नको’ सांगणारी) टाकली तर दोन्हीकडून गायब होईल. उपाय असा: कार्डावर ‘गट’ नावाचं फोल्डर, त्यात नोमीडिया फाइल, आणि व्हॉट्सअ‍ॅप फोल्डर त्या ‘गट’च्या पोटात. कार्डाच्या वाटेने येणाऱ्या, गॅलरीसाठी फोटो शोधणाऱ्या स्कॅनरला वरच नोमीडिया दिसते, तो परत फिरतो. अंतर्गत वाटेने येणाऱ्याला वरचं फोल्डर दिसतच नाही, म्हणून फोटो एकदाच. स्टुडिओच्या संगणकाला नोमीडियाशी देणंघेणं नाही, तिथे सगळं दिसतं.

दुसरा दोष जास्त गंभीर. मोकळी जागा रोज थोडी थोडी कमी होत होती, आणि डीयूने शोधूनही ती कुठे गेली ते सापडत नव्हतं. डीएफ म्हणतो ७० एमबी जास्त भरलेत, डीयूच्या बेरजेत ते नाहीत. यात एक पूर्ण संध्याकाळ गेली. शेवटी व्हॉट्सअ‍ॅप बंद केलं, बाइंड माउंट उतरवलं, आणि खालचं मूळ अंतर्गत फोल्डर उघडलं. त्यात आठवड्याभरातले फोटो आणि व्हिडिओ पडलेले. फोन चालू झाला की कार्ड माउंट व्हायला काही सेकंद जातात. स्क्रिप्ट त्याआधी चालली तर नुसती अपयशी होऊन संपते. आणि यशस्वी होण्याआधी व्हॉट्सअ‍ॅप जागं झालं तर ते खालच्या फोल्डरात लिहितं. वर माउंट चढलं की त्या फाइली झाकल्या जातात: दिसत नाहीत, पुसता येत नाहीत, जागा मात्र अडवून ठेवतात.

२२ जुलै

दुरुस्ती दोन टोकांनी केली. स्क्रिप्टमध्ये फेरा घातला: कार्डावर ‘गट’ फोल्डर दिसेपर्यंत दर दोन सेकंदांनी बघत राहायचं, दिसलं की माउंट, दोन मिनिटांत दिसलं नाही तर सोडून द्यायचं. कार्डाचा पत्ता स्क्रिप्टमध्ये लिहिलेला नाही. कार्ड फॉरमॅट केलं की त्याचा ओळख-क्रमांक बदलतो आणि स्क्रिप्ट गप्प पडते. म्हणून कुठल्याही कार्डावर ‘गट’ आहे का, एवढंच ती बघते.

आणि खालच्या मूळ फोल्डराचा मालक रूट केला, परवानग्या सगळ्या शून्य. अंतर्गत स्टोरेज सांभाळणारी प्रक्रिया रूट नसते, तिला तिथे काही लिहिता येत नाही. माउंट नसेल तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप ‘फोटो उतरवता आला नाही’ म्हणतं. ते चालेल, चोरून लिहिण्यापेक्षा बोललेलं बरं. त्यानंतर फोन पुन्हा पुन्हा बंद-चालू करून पाहिला. झाकलेलं काही सापडलं नाही.

२८ जुलै

कार्ड काढण्याचा सराव. माउंट चढलेलं असताना सेटिंगमधून कार्ड ‘इजेक्ट’ नीट होत नाही, कारण ते वापरात असतं. तसंच ओढून काढलं तर फॅट३२ बिघडायची भीती. म्हणून नियम एकच: फोन बंद करायचा, मग मागचं कव्हर काढायचं. या फोनचं कव्हर निघतं, बॅटरी निघत नाही, त्यामुळे बॅटरी काढून फोन बंद करण्याचा धोकाही नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटो थेट कार्डावर जातील असं केलं. त्याला बाइंडची गरज नाही.

स्टोरेज संपल्याची सूचना किती टक्क्यांवर यावी हे ग्लोबल सेटिंगमध्ये बदलता येतं आणि काही जण ती मर्यादा खाली आणून सूचनेपासून सुटका करून घेतात. मी तिला हात लावला नाही. डेटा पार्टिशन अगदी तुडुंब भरलं की अ‍ॅपना आपला डेटाबेस लिहिता येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा डेटाबेस अर्धवट लिहिला गेला तर काय होतं ते पाहायची माझी इच्छा नाही.

बँकेचं किंवा भीम अ‍ॅप यावर टाकायचं नाही, हे आत्याशी बोलून ठरवलं. रूट लपवून ती चालवता येतात, पण गटाच्या पैशांशी संबंध असलेल्या बाईच्या फोनवर लपवाछपवीवर चालणारी व्यवस्था नको.

२९ जुलै

वडूजला जाऊन फोन दिला. सिम परत घातलं. अ‍ॅप: व्हॉट्सअ‍ॅप, गूगल इंडिक कीबोर्ड, पीडीएफ वाचक, गणकयंत्र, जेली. मोकळी जागा ९८० एमबी, कार्डावर २६ जीबी. आत्याने सगळ्यात आधी गटाचा ग्रुप उघडला आणि जूनपासून न उतरलेले फोटो एकेक करून दाबत बसली.

खर्च: कार्डाचे ८२०, वाया गेलेले ३५०, अडॅप्टर ३०. मोबाइल डेटा साधारण दीड जीबी, मुख्यतः दोनदा जीअ‍ॅप्स आणि रॉम.

२६ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

महिन्याने फोन पाहिला. मोकळी जागा ८४० एमबी. १४० एमबी कुठे गेले ते मोजलं: प्ले सर्व्हिसेसचं नवं अपडेट ६५, व्हॉट्सअ‍ॅपचा आतला डेटाबेस आणि कॅश मिळून ५०, बाकी किरकोळ. झाकलेल्या फोल्डरात शून्य. कार्डावर ‘गट’मध्ये १.९ जीबी नवा मजकूर, त्यात व्हिडिओच जास्त. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं, फोटो चालू ठेवले.

मधल्या काळात कार्ड स्टुडिओत जाऊन आलंय, फोन बंद करून. स्टुडिओवाल्याने कार्डावर स्वतःचं एक फोल्डर आणि एक शॉर्टकट व्हायरस सोडला होता. अँड्रॉइडला त्याने काही होत नाही, पुसून टाकला. पुढच्या वेळी कार्डाऐवजी पेनड्राइव्ह द्यायचा असेल तर ओटीजी (फोनला पेनड्राइव्ह जोडण्याची सोय) लागेल. या फोनवर आणि या रॉमवर ते चालतं का ते अजून तपासायचं आहे. नवं पिको पॅकेज दिवाळीत गेलो की.